उजवा हात, डावा कान

माझ्या धाकट्या भावाला दोन जन्मतारखा आहेत. एक खरी आणि एक शाळेतली. शाळेतली तारीख त्याला माझ्यामुळे लागली, आणि त्या तारखेमुळे त्याचं सैन्यात अधिकारी होणं हुकलं. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. झाकून ठेवल्यानेही काही बदललं नाही, म्हणून आता लिहून टाकते.

आमचं गाव डोणगावपासून पायी तासाभराच्या अंतरावर आहे. घरी विहिरीवरचा भाजीचा मळा होता. बाबा मोट हाकायचे, माय खुरपायची आणि बाजाराच्या दिवशी वांग्यांची, मेथीची टोपली डोक्यावर घेऊन डोणगावला जायची. मला आठवं लागलं तरी मी शाळेत गेले नव्हते, कारण भाऊ लहान होता आणि त्याला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. शाळा मळ्यापासून जवळ होती. पोरं पाढे म्हणायची ते विहिरीपर्यंत ऐकू यायचे. ऐकून ऐकून मला पंधरापर्यंतचे पाठ झाले होते. येतंच आहे तर ते आत बसून का म्हणू नये, एवढाच माझा विचार होता. शिक्षणाची ओढ वगैरे मोठे शब्द मला तेव्हा माहीत नव्हते.

मी मायच्या मागे लागले. ती म्हणाली, जायचं तर जा, पण त्याला सोबत घेऊन जा. इकडे गुरुजींचा नियम उलटा होता. कडेवरचं पोर घेऊन आलेल्या मुलीला ते दारातूनच परत पाठवायचे. आधी दोघींना पाठवलेलं मी पाहिलं होतं. शाळेत बसायचं तर भावाला कडेवरून खाली उतरवून त्याला विद्यार्थी करणं एवढा एकच रस्ता होता. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता.

त्या काळी खेड्यात कोणाकडे जन्माचा कागद नसे. मूल सहा वर्षांचं झालं की नाही हे ठरवायची एक रीत होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. हात पोचला तर सहा पूर्ण, नाही पोचला तर पुढच्या साली या. लहान मुलांचं डोकं मोठं आणि हात आखूड असतात, त्यामुळे रीत अगदीच वेडी नव्हती.

मी भावाला आंघोळ घातली, बाबांचा जुना सदरा कापून शिवलेला कुडता चढवला आणि चालवत नेलं. गुरुजींनी विचारलं याचं वय काय. मी सांगितलं, सहा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, कानाला हात लाव. मी त्याच्या मागेच उभी होते. त्याने हात डोक्यावर ठेवला, तो मध्यावरच थांबला. तेव्हा मी त्याचं डोकं धरलं आणि उजव्या खांद्याकडे दाबलं. जोरात दाबलं. डावा कान वर आला आणि बोटांची टोकं त्याला लागली.

गुरुजींनी हे पाहिलं. अगदी समोर बसून पाहिलं. त्या महिन्यात शाळेची तपासणी होती आणि पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती, हे मला पुढे नोकरीत आल्यावर कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त दौत पुढे ओढली आणि दोघांची नावं लिहिली. त्याच्या नावापुढे एक जुलै ही तारीख टाकली आणि सहा वर्षं मागचं साल. त्या शाळेत निम्म्या मुलांचा जन्म एक जुलैचाच होता.

असं माझं शिक्षण सुरू झालं. पहिलं वर्षभर भाऊ पोत्यावर झोपायचा आणि मी त्याच्या पाटीवरही माझ्याच अक्षरात लिहायची. गुरुजींनी त्याला पहिलीत दोन वर्षं ठेवलं, ते योग्यच केलं. तिसऱ्या वर्षापासून मात्र तो मला मागे टाकणार हे दिसायला लागलं. मी चौथी झाले, डोणगावला पायी जाऊन सातवी झाले, बुलढाण्याला ट्रेनिंग केलं आणि मास्तरीण झाले. आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली. हे सगळं त्या एका दिवसावर उभं आहे. आठ वर्षांच्या मुलीने जे केलं त्याचं मला वाईट वाटत नाही. ती लबाड होती, पण तिच्यापुढे दुसरं दार नव्हतं.

वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते आणि पुढे दार चांगलं उघडं होतं.

भाऊ मॅट्रिकच्या वर्गात आला. मधे विषमज्वराने त्याचं आणखी एक वर्ष गेलं होतं. मॅट्रिक होईल तेव्हा तो खरा साडेसोळाचा आणि कागदावर एकोणीसचा असणार होता. माझी नेमणूक तेव्हा वरवट बकालला होती. जिल्हा परिषद नवीन झालेली, बदल्या जिल्हाभर व्हायच्या. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तो परीक्षेचा फॉर्म घेऊन बसला होता. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी वर्गात बजावलं होतं की ज्याची तारीख चुकली असेल त्याने पुरावा घेऊन आताच यावं. एकदा मॅट्रिकच्या दाखल्यावर चढली की ती कोणी बदलू शकणार नाही.

पुरावा मिळण्यासारखा होता. आमच्या वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद एका पुस्तकात करायचा आणि ती पुस्तकं तहसिलीत जमा व्हायची. मेहकरला अर्ज केला की नक्कल मिळे.

"बाई, तारीख सुधरून घेऊ," भाऊ मला म्हणाला. मोठी बहीण म्हणून तो मला बाई म्हणायचा. "मी उद्या मेहकरले जाऊन येतो."

मी म्हटलं राहू दे. मी त्याला समजावून सांगितलं की कागदावर मोठा असलास तर मॅट्रिक होताच नोकरीच्या वयात बसशील, मास्तरकीच्या ट्रेनिंगला लगेच घेतील. खरी तारीख लावलीस तर दीड वर्ष घरी बसून वांगी तोडावी लागतील. माझ्यासोबतच्या दोन शिक्षकांनी याच कारणासाठी वय वाढवून लावलं होतं. ही शहाणपणाची गोष्ट समजली जायची.

बाबा बाजूला बसून मोटेचा नाडा वळत होते. त्यांनी एकच विचारलं.

"पुढं काही आडकाठी तं नाही येत ना?"

"काही नाही येत," मी म्हटलं. "कागदाले काय कळते?"

घरात शिकलेली मी. माझा शब्द चालला. फॉर्म मी माझ्या हाताने भरला, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

आणखी एक कारण होतं, ते मी त्या दिवशी स्वतःशीसुद्धा बोलले नाही. तारीख बदलायची म्हटली की जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर निघणार, आणि साडेतीन वर्षांच्या पोराचा हात कानाला कसा पोचला हे कोणीतरी विचारणार. गुरुजींची पेन्शन दोन वर्षांवर आली होती. मी स्वतः सरकारी शाळेत नवीन लागलेली. चौकशी नको होती. भावाच्या भल्याचं म्हणून मी जे बोलत होते, त्यात माझं भलं किती होतं ते मला पक्कं माहीत होतं.

मॅट्रिकला त्याला इतके चांगले गुण पडले की हायस्कूलचे शिक्षक घरी आले आणि म्हणाले याला कॉलेजात घाला. तेव्हा मास्तरकी मागे पडली. माझा पगार होताच. खामगावला खोली घेतली आणि तो शास्त्र शाखेला जाऊ लागला. म्हणजे ज्या दीड वर्षासाठी मी तारीख राखली, ते दीड वर्ष कधी कामालाच आलं नाही. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्या वर्षांत कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची होती. बहुतेकांना ती शिक्षा वाटायची. सकाळी उठा, पट्ट्याचं पितळ घासा, बूट चमकवा आणि मैदानात उभे राहा. भावाला मात्र ते मानवलं. तो आमच्या घरात पहिला माणूस ज्याने पायात बूट घातले. पहिल्या महिन्यात टाचा सोलून निघाल्या, त्यांना त्याने हळद लावली आणि कोणाला सांगितलं नाही. मी दर दोन आठवड्यांनी शनिवारी शाळा सुटली की एसटीने खामगावला जायची, त्याच्यासाठी पीठ आणि चटणी घेऊन. खोलीत शिरलं की आधी बूट दिसायचे, भिंतीशी एका रेषेत, मग घोंगडी, चौकोनी घडी घातलेली. माझी पिशवी मी कुठेही टाकली की तो उचलून खुंटीला लावायचा. मी म्हणायची, तुझ्या बायकोचे हाल आहेत.

एनसीसीचे साहेब म्हणजे कॉलेजातलेच गणिताचे प्राध्यापक. परेडच्या दिवशी तेच खांद्यावर तारे लावून यायचे. त्यांनी याला दुसऱ्या वर्षी हेरलं. त्यांनी सांगितलं की भरतीच्या रांगेत उभं राहून शिपाई होणं हा एक रस्ता आहे आणि पदवी व एनसीसीचं सर्वांत वरचं प्रमाणपत्र घेऊन अधिकारी होणं हा दुसरा. एनसीसीच्या मुलांसाठी डेहराडूनला थोड्या जागा राखलेल्या असतात. आधी चार-पाच दिवसांची निवड, मग तिथलं शिक्षण, मग खांद्यावर खरे तारे. आमच्या भागातून फौजेत गेलेले होते, पण सगळे शिपाई म्हणून. असा दुसरा रस्ता आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

भावाने मला हे सांगितलं ते उन्हात, बाजार समितीच्या बाजूने चालताना, कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत. मी म्हटलं पदवी घे, बी.एड. कर, हायस्कुलात लाग. तो थोडं चालला आणि म्हणाला, "बाई, मास्तरकी तुले शोभते. मले मोकळ्यात काम पाह्यजे." मॅट्रिकच्या तारखेची गोष्ट सोडली तर त्याच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली मागणी. तोवर आम्ही सांगू ते तो करत आला होता. मी लगेच हो म्हटलं नाही. पुढच्या सव्वीस जानेवारीला मुद्दाम थांबून परेड पाहिली. सगळ्यांत पुढे तो होता आणि त्याच्या एका आवाजावर शंभर-दीडशे पोरं वळत होती. घरी हा माणूस बैलालासुद्धा हळू आवाजात हाकायचा. तेव्हा मी ठरवलं की याला जाऊ द्यायचं.

घरी सांगायचं काम माझ्याकडे आलं. नुकतीच पाकिस्तानशी लढाई होऊन गेली होती, त्यामुळे सोपं नव्हतं. बाबांनी आधी नीट समजून घेतलं.

"अफसर म्हंजे मेहकरच्या फौजदारावानी का?"

"त्याच्याहून मोठा," भाऊ म्हणाला.

"मंग तं तू गावात आला का लोक पळतीन बे."

माय भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "अफसराले गोळी लागत नाही का?"

"लागते," भाऊ म्हणाला. "पहिले त्यालेच लागते. तो पुढं असते."

"मंग तुले पुढं राह्याची हौस कशाची आली?"

मायने भाकरी तव्यावर टाकली. जेवणं झाल्यावर तिने त्याला विचारलं की तिकडे थंडी फार असते का, आणि दुसऱ्या बाजाराला डोणगावहून लोकर घेऊन आली. तिला विणता येत नव्हतं. मला विणायला लावलं.

त्यानंतरचं दीड वर्ष मी त्याला जितकं खूश पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही. पहाटे रेल्वेच्या रुळाच्या बाजूने धावायचा. कोणीतरी सांगितलं की निवडीत इंग्रजीत तीन मिनिटं बोलावं लागतं, कोणताही विषय देतात. मग मी खामगावला गेले की तो मला खाटेवर बसवून माझ्या हातात घड्याळ द्यायचा आणि समोर ताठ उभा राहून बोलायचा. मला इंग्रजी अक्षरओळखीपलीकडे येत नव्हतं. तो विहिरीवर बोलतो आहे का कापसावर ते मी एखाददुसऱ्या शब्दावरून ओळखायची. तीन मिनिटं झाली की मी हात वर करायची आणि तो वाक्याच्या मध्यातच थांबायचा. एकदा मी विचारलं, कशावर बोललास? म्हणाला, तुझ्यावर. काय बोललास? ते काही सांगितलं नाही.

वरचं प्रमाणपत्र त्याला मिळालं. पदवीच्या शेवटच्या वर्षी अर्ज मागवले गेले. प्राध्यापकांनी फॉर्म आणून दिले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला आम्ही मूर्ख वाटू. वयाची मर्यादा आहे हे भावाला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने ती मोजलीही होती. पण मोजली ती घरच्या वयाने. घरी कोणाचं वय काढायचं तर विहिरीला नवं पाणी लागलं त्या साली, अमक्याच्या लग्नाच्या आदल्या साली, असंच काढलं जायचं, आणि त्या हिशेबाने तो मर्यादेच्या आत दोन वर्षं होता. शाळेतलं वय हे फक्त फॉर्मवर लिहायचं असतं, ते आपलं नसतं, अशी आमची सगळ्यांचीच समजूत. मी शिक्षिका, दरवर्षी शे-दीडशे मुलांच्या तारखा लिहिणारी, मलाही ते सुचलं नाही. फॉर्मवर मॅट्रिकच्या दाखल्याप्रमाणे जन्मतारीख लिहा अशी ओळ होती. त्याने ती लिहिली आणि मग बोटांवर मोजलं. कागदावर तो सात महिने पुढे गेला होता.

तो बुधवारी वरवट बकालला आला. बुधवारी तो कधी येत नसे. मी वर्गात होते. तो बाहेर लिंबाखाली उभा राहिला, मी मुलांना शुद्धलेखन देऊन गेले. त्याने मला दोष दिला नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "बाई, कोतवाल बुकाची नक्कल अजून भेटन का?"

मी रजा टाकली आणि आम्ही मेहकरला गेलो. नक्कल मिळाली. त्यात तारीख खरी होती, बाबांचं नाव होतं, आणि मुलाच्या रकान्यात नुसतं 'मुलगा' असं लिहिलं होतं. कोतवाल नावं लिहीत नसत, बारशाच्या आधीच नोंद व्हायची. तहसिलीतला कारकून चांगला माणूस होता. तोच म्हणाला की हा मुलगा तोच कशावरून, असं कोणी विचारलं तर तुमच्याकडे काय आहे?

तिथून हायस्कूलच्या मुख्याध्यापकांकडे. त्यांनी दाखल्याची प्रत पाहिली, नक्कल पाहिली आणि भावाला बाहेर थांबायला सांगितलं. मग मला म्हणाले, "तेव्हा मी बजावलं होतं. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात." मी खाली पाहिलं. त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. कोर्टात जाता येईल म्हणाले, पण तोवर ही संधी निघून जाईल.

राहिले आमचे गुरुजी. ते निवृत्त होऊन गावातच राहत होते, मोतीबिंदूने नजर गेलेली. भावाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. मला म्हणाले कागद घे आणि मी सांगतो तसं लिही. त्यांनी सांगितलं की सदर विद्यार्थ्याचे वय दाखल करतेवेळी माझ्या नजरचुकीने अडीच वर्षे जास्त लिहिले गेले, त्यात विद्यार्थ्याचा किंवा पालकांचा दोष नाही. मी लिहीत गेले. 'माझ्या नजरचुकीने' हे शब्द मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले आणि त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली. भाऊ शेजारीच होता. मी तेव्हा बोलू शकले असते. गुरुजी थांबले होतेही, मी काही म्हणते का ते पाहायला. मग म्हणाले, "तुले शिकायचंच होतं पोरी," आणि सही केली. भावाला वाटलं असेल, ते असंच काही जुनं बोलत आहेत.

प्राध्यापकांनी नक्कल आणि गुरुजींचं पत्र जोडून अर्ज वर पाठवला, स्वतःची शिफारस लिहिली. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. मॅट्रिकच्या दाखल्यावरचीच तारीख ग्राह्य धरली जाईल, अर्ज परत करण्यात येत आहे. दोन ओळींचं पत्र होतं. कोणी अन्याय केला असं मला म्हणता येत नाही. त्यांनी कागद पाहिला, आणि कागद मी भरला होता.

परीक्षा झाल्यावर एनसीसीचा गणवेश जमा करायचा असतो. मी त्या दिवशी खामगावला होते. त्याने खाकी सदरा-पँट धुऊन इस्त्री करून आणली होती, बूट चमकवले होते, पट्ट्याचं पितळ घासलं होतं. जमा करून घेणारा म्हणाला, परत द्यायला कोणी पॉलिश करतं का? भावाने प्रत्येक वस्तूपुढे खूण करून घेतली आणि पावती खिशात घातली. बाहेर आल्यावर त्याला चालायला जड गेलं. चपला घातल्या होत्या, सवय सुटली होती.

तो स्वेटर मायने पेटीत ठेवला. आमच्याकडे तेवढी थंडी पडत नाही.

पुढे त्याने बी.एड. केलं आणि मेहकरला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागला. म्हणजे मी जे ठरवलं होतं तेच झालं. चांगला शिक्षक आहे, मुलं त्याला मानतात. शाळेची कवायत तो घेत नाही, ते दुसऱ्या शिक्षकाकडे दिलं आहे. बायकोला हाल सोसावे लागले नाहीत, कारण त्याने वस्तू एका रेषेत लावणं हळूहळू सोडून दिलं. आणि हो, तो निवृत्तही अडीच वर्षं आधी होणार आहे. ती तारीख अजून तिचं काम करतेच आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी मी त्याच्याकडे गेले होते. त्याच्या धाकट्या मुलीला पहिलीत घालायचं होतं. तो ओट्यावर बसून दवाखान्याचा जन्मदाखला समोर धरून फॉर्म भरत होता. तारीख लिहिली, दाखल्याशी पडताळली, पुन्हा पडताळली. मग फॉर्म माझ्याकडे दिला आणि म्हणाला, तू एकदा पाहा. मी पाहिलं. बरोबर होती. मी तांदूळ निवडत होते, ते ताट बाजूला ठेवलं आणि सांगून टाकलं. गुरुजींची नजरचूक नव्हती, मी वय खोटं सांगितलं होतं आणि तुझं डोकं दाबून धरलं होतं, कान लागावा म्हणून.

तो फॉर्मची घडी घालत होता. त्याने घडी पुरी केली.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "मान दुखली होती. दोन दिवस दुखली."

इतक्या लहानपणीचं त्याला आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. म्हणजे गुरुजींसमोर मी ते पत्र लिहीत होते तेव्हाही त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, मग तू बोलला काऊन नाही?

"काय बोलू? तू तेव्हा केवढीशी होती. ते नसतं केलं तं तू मळ्यातच राह्यली असती." त्याने सायकल भिंतीपासून काढली, फॉर्म खिशात ठेवला. मग पायडलवर पाय ठेवून थोडा थांबला. "त्याचं काही नाही, बाई. मॅट्रिकच्या फारमाचं तेवढं..."

पायडलवरचा पाय त्याने परत खाली घेतला. फाटकापर्यंत सायकल हाताने नेली, बाहेर गेल्यावर चढला आणि शाळेकडे गेला. मी ताट पुन्हा पुढे ओढलं. तांदळात खडे फार होते.